ऑर्गनच्या मागचा हात

मुलुंडच्या हॉलमध्ये मध्यंतर संपत आलं होतं. मी स्टेजपुढच्या ऑर्गनवर पाय मारले. काहीच वाजलं नाही.

ऑर्गन म्हणजे पायपेटी. हाताने सूर वाजवायचे, पायाने खालचे दोन पेडल दाबत राहायचे. पेडलला पट्टे असतात, ते आतला भाता ओढतात. हवा नाही तर सूर नाही. पेटी भाड्याची, पहिला अंक कशीबशी चालली होती. मागची फळी काढली तर दोन्ही पट्टे तुटलेले.

ऐंशीनंतरची गोष्ट. संगीत नाटकाला गर्दी कमी झाली होती. नाटकाच्या चाली माझ्या, ऑर्गनवर मीच. प्रयोग विकत घेणारा कॉन्ट्रॅक्टर सामंत सुरू व्हायच्या आधीच बोलला होता, "मास्तर, वैशालीच्या गाण्याला वन्स मोअर आला तर बोरिवली, दहिसर मी लावतो. नाय आला तर नाटक बंद. मला धंदा करायचाय."

वन्स मोअर म्हणजे लोक ओरडतात आणि नटी गाणं परत म्हणते. वैशाली नवीन पोरगी. तिचं ते गाणं दुसऱ्या अंकात. तिला पट्ट्यांचं कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचाही आवाज गेला असता.

तेवढ्यात माझी बायको सुमन डबा घेऊन आली. मालवणची. तोंडाने फटकळ.

"काय झाला?"

"वाट लागली. पट्टे तुटले."

तिने डबा ठेवला, पेटीच्या मागे वाकून तुटलेली टोकं धरली आणि ओढली. पेटी बोलली.

"तुमी वाजवा. मी ओढतंय."

"अगो, अख्खो अंक ओढूचा लागात."

"रोज घरात ह्याच गाणा ऐकतंय मी. खय जोर लावचो ता माका ठावक आसा. गप वाजवा."

चाळीत पाण्याच्या कळश्या चढवणारे हात तिचे. पदर खोचून ती ऑर्गनच्या मागे बसली. पडदा उघडला. वैशालीचं गाणं आलं, लांब तान आली, पेटीत हवा भरपूर. माझ्या पायांनी कधी एवढी दिली नव्हती.

आणि वन्स मोअर आला. मागच्या रांगांतून पहिला.

ऑर्गनच्या मागून सुमनचा आवाज, "परत?"

"परत."

"मेल्यांचा एकदा आयकान पोट भराक नाय?"

पण ओढलं तिने. शेवटच्या कडव्याला हात थकले, सूर बारीक झाला. मी तबलजीला मानेने खूण केली, त्याने सांभाळलं. वैशालीने ते कडवं जवळजवळ एकटीच्या आवाजावर म्हटलं. टाळ्या पडल्या. आणि पुन्हा वन्स मोअर.

तेव्हा ऑर्गनच्या मागून हिरव्या बांगड्यांचा एक हात वर आला आणि नको नको असा हलला. पुढच्या दोन रांगा हसत सुटल्या.

प्रयोगानंतर सामंत आत आला. "मास्तर, बोरिवली, दहिसर पक्कं. पण तो हात कोणाचा?"

"बायकोचा."

"वहिनींना पण घेऊन या."

सुमन पाठमोरी डबा उघडत होती. तिथूनच म्हणाली, "आधी पट्टे आणा भावोजी. मी काय पगारी नाय."

बोरिवलीला पट्टे नवे होते. तरी ती आली, मागच्याच बाजूला खुर्ची टाकून बसली. पुढे प्रत्येक प्रयोगाला तिथेच बसायची. गेल्या वर्षी गेली.

आता पोरं शिकायला येतात. त्यांना सांगतो, भाड्याची पेटी आली की आधी मागची फळी काढून पट्टे बघा, सूर नंतर लावा. मागे बसणारं माणूस दरवेळी मिळत नाही.