गंडु झाड

मैसूरला विजयनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरासमोरून एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन जात. फाटकाशी थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि माझ्या पपईकडे बघत राहत. दीड वर्ष मी त्या झाडाला पाणी घालत होतो. लांब दांड्यांवर फुलं लोंबत होती, फळाचा पत्ता नव्हता.

एकदा ते म्हणाले, "गंडु आहे ते."

मी साताऱ्याचा. मला ऐकू आलं, गंडलंय. रोपवाल्याने मला गंडवलं, हे या माणसाने भर रस्त्यात सांगावं याचा रागच आला.

"गंडु म्हंजे नर हो," त्यांनी समजावलं. त्यांचे पूर्वज मैसूरच्या फौजेत आलेले, त्यामुळे घरची मराठी कन्नडात चांगली मुरली होती. "त्याला फळ येत नाही."

रविवारी मी कोयता घेऊन बाहेर आलो, तर ते फाटकातच उभे. "अय्यो, तोडू नका," म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं. मागच्या गल्लीत त्यांच्या परसात पपईची मादी होती. आमचं झाड फुलल्यापासूनच तिला फळं धरायला लागली होती.

कोयता माळ्यावर गेला. पंधरवड्याने ते पिकलेली पपई घेऊन आले. दारात उभ्या माझ्या बायकोकडे बघत त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"विहीणबाईंना द्या."

इतके महिने हे गृहस्थ रोज जावयाची तब्येत बघायला येत होते तर.

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. व्याह्यांना नावाने कोण हाक मारतं?