पाठीचा रंग

मी गेली चौदा वर्षं एका माणसावर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी साळसूदपणाचा आव आणला तर तुम्ही फसणार नाही.

तो झाशीजवळच्या बबीन्याचा. वडील फौजेत सुभेदार होते, आणि हा बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतो. मी झाशीचाच. वडील भुसावळहून बदली होऊन आले ते इथेच राहिले, आणि आता त्यांच्यासारखाच मीही रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर आहे. आम्ही भेटलो ते सीपरी बाजारातल्या एका जिममध्ये. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला भैया म्हणायचा. आला तेव्हा काडीपैलवान होता. बेंचवर कसं आडवं व्हायचं हेही त्याला मीच शिकवलं. हे मी लोकांना अजूनही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी.

सहा महिन्यांत त्याचे खांदे शर्टात मावेनात. मला चार वर्षांत जेवढं अंग आलं नव्हतं तेवढं त्याला एका हिवाळ्यात आलं. मी खोदून खोदून विचारायच्या आधी त्याने स्वतःच सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही, आणि याचाही मला राग यायचा.

"सुई लगत है भैया. तुम भी लगवा लो, काय जान खपा रए?"

मी नाही म्हणालो. पुढे मी या नकाराचं तत्त्व केलं, जिममध्ये येणाऱ्या जाणाऱ्याला स्टेरॉइडसारख्या औषधांच्या दुष्परिणामांवर व्याख्यानं दिली. पण खरं सांगायचं तर मला सुईची भीती वाटते. लहानपणी शाळेत लस टोचायला आले की मी संडासात लपून बसायचो. माझ्या नैतिकतेचा पाया हा एवढाच.

तर मी औषधाविना राहिलो, आणि औषधाविना राहणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांनी भोगलं. आईच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. त्यामुळे बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि अंडी ठेवायला एक जुनं तसराळं, ज्याला आई हात लावत नसे, नुसती नाक मुरडून त्याच्याकडे बघायची. वरण मी मोजून घ्यायचो, भात मोजून, शेंगदाणेसुद्धा मोजून. वर्षभर हे केल्यावर दंडात अर्धा इंच वाढ. ती वाढ माझ्याखेरीज कुणाला दिसायची नाही.

आणि हा रविवारी बबीन्याहून मोटारसायकलवर यायचा, आमच्याकडे बसून लोण्याचा गोळा घातलेली चार थालीपीठं खायचा. पोटावरचे सहाच्या सहा कप्पे जागच्या जागी. आई कौतुकाने वाढत राहायची. ती त्याला बबीनावाला म्हणायची. "तुझा बबीनावाला आलाय," असं सांगताना तिचा आवाज जसा व्हायचा तसा माझ्या पगारवाढीच्या दिवशीही झाला नाही.

"काय तब्येत आहे पोराची! और लो बेटा, शरमाओ मत," असं ती म्हणायची, आणि मग माझ्याकडे वळून, "नाहीतर तू. रोज जातोस तासन्‌तास, करतोस काय तिथे?"

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तोंडात मोजलेले शेंगदाणे असायचे, त्यामुळे बोलता यायचं नाही.

आता रंगाबद्दल सांगायला हवं. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत स्टेजवर इतके प्रखर दिवे असतात की साधं कातडं पांढरं फटफटीत दिसतं आणि स्नायूंच्या रेघा दिसेनाशा होतात. म्हणून सगळे जण अंगाला गडद तपकिरी रंग लावतात, दोन-तीन हात. छाती, पोट, मांड्या ज्याच्या त्याला लावता येतात. पाठ मात्र येत नाही. पाठीला दुसरा माणूस लागतो. कितीही मोठा पहिलवान असो, स्टेजच्या मागे तो कुणापुढे तरी पाठ करून उभा असतो आणि समोरच्या भिंतीकडे बघत असतो. त्याला मागचं काही दिसत नाही. आम्ही दोघं एकमेकांची पाठ रंगवायचो.

एका वर्षी झाशीतच स्पर्धा होती, नेहमीची, जिथे कोणी कोणाला काही विचारत नाही आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी त्याची पाठ रंगवायला घेतली. एक हात झाला होता. तेवढ्यात आयोजकांपैकी एक गृहस्थ यादी घेऊन आले. माझ्या चड्डीला नंबराचा बिल्ला नव्हता, अजून लावायचा होता. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्याला विचारलं, "ये आपके साथ आए हैं?"

मी चड्डीवर उभा होतो. अंगभर रंग लावलेला. तरी.

तो म्हणाला, "नईं साहब, भैया तो खुदई लड़ रए." आयोजक हसले. वाईट नव्हे, सहज हसले. मी दुसरा हात लावायला घेतला, मग तिसरा. आणि त्याच्या दोन खांद्यांच्या मधे, बरोबर तळहाताएवढी जागा मी सोडली. विसरलो नाही. स्पंज तिथे दोनदा नेला आणि दोनदा न टेकवता परत आणला.

"हो गओ भैया?"

"हो गया," मी म्हणालो.

पाठ दाखवायची वेळ आली तेव्हा ती जागा दिव्याखाली फिकट पडली. लांबून वाटत होतं की तिथे स्नायूच नाही. त्याचा दुसरा नंबर आला, पहिला थोडक्यात हुकला. मला पहिल्या पाचातही घेतलं नाही, म्हणजे माझ्या कारस्थानाचा मला छदामाचाही फायदा झाला नाही. मला तो नकोच होता. त्याचा पहिला नंबर गेला, बस. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

परत येताना तो म्हणाला, "पीठ ने मरवा दओ." पुढच्या महिन्यापासून त्याने सुया वाढवल्या. पाठीसाठी. दोन वर्षांत त्याचं ब्लड प्रेशर इतकं चढलं की कारखान्यात लेथपाशीच चक्कर येऊन खाली बसला. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं, आणि त्याने केलंही. अंग उतरलं. शर्ट पुन्हा ढगळ झाले.

मला आनंद झाला, पहिला आठवडाभर. मग लक्षात आलं की अंग गेल्यावरही जिममध्ये सगळे त्याच्याच भोवती उभे राहतात आणि आई अजूनही त्यालाच चौथं थालीपीठ वाढते. आधी त्याचे खांदे तरी कारण म्हणून पुढे करता येत होते. आता कशावर जळायचं तेही कळेना, तरी जळत राहिलो. आणि त्याने पाठीसाठी वाढवलेल्या सुया आठवल्या की तो विचार मी पटकन दुसरीकडे वळवायचो.

मागच्या वर्षी मला भोपाळच्या एका स्पर्धेबद्दल कळलं. नॅचरल. म्हणजे औषध घेणाऱ्याला प्रवेशच नाही. लघवीची तपासणी, आणि वर लाय डिटेक्टर. मशीनला जोडून विचारतात, गेल्या दहा वर्षांत काही घेतलं का. जिममध्ये सांगितलं तर एकाने विचारलं, "नेचुरल मतलब कुछ लेते ही नहीं? तो फिर देखते क्या हैं?"

मी मनात मांडे खायला सुरुवात केली होती. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोक हसले, तिची अखेर परीक्षा होणार होती आणि मी त्यात उत्तीर्ण होणार होतो, मशीनच्या साक्षीने. मला तिथलं एक पदक हवं होतं. आणि ते गळ्यात पडताना बबीनावाल्याने समोर उभं राहून बघायला हवं होतं. त्याला सोबत चलायला सांगितलं ते याच हेतूने. तोंडाने म्हणालो, पाठीला रंग लावायला कोणीतरी लागेल.

"काय नईं, चलेंगे," तो म्हणाला. रजा टाकून आला.

तिथलं वातावरण बघून मी चकित झालो. शर्ट घातलेल्या त्या माणसांत स्पर्धक कोण हे ओळखू येईना. एक शाळामास्तर होता, एक बँकेतला, एक औषधाच्या दुकानात काम करणारा, ज्याच्यावर सगळे विनोद करत होते. शर्ट काढल्यावर मात्र कळायचं. फुगलेलं कुणी नव्हतं, पण रेघ न्‌ रेघ स्वच्छ. प्रत्येकाच्या घरी कुठेतरी वेगळी शेगडी असणार असं मला वाटलं. मी प्रथमच एखाद्या स्पर्धेत कुणावर जळत नव्हतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मशीनची पाळी आली. एका लहान खोलीत एक वयस्कर, शांत गृहस्थ लॅपटॉपमागे बसले होते. माझ्या दंडाला पट्टा बांधला, छातीभोवती नळी, बोटांना चिमटे. प्रश्न आधीच वाचून दाखवले, उत्तर फक्त हो किंवा नाही. कधी स्टेरॉइड घेतलं? नाही. इंजेक्शन? नाही. मी इतका निवांत होतो की मला जांभई येत होती.

मग त्यांनी त्याच सुरात विचारलं, "किसी मुकाबले में आपने कभी बेईमानी की है?"

"नहीं," मी म्हणालो.

ते पडद्याकडे बघत राहिले. प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हणालो आणि माझ्या कानांत ठोके वाजायला लागले. त्यांनी चष्मा काढला.

"दवाई वाले सवालों पर आप बिल्कुल साफ़ हैं. ये सवाल तो हम बस बाक़ी जवाबों से मिलाने के लिए पूछते हैं, इस पर थोड़ा सब हिलते हैं. पर आप तो... क्या याद आया?"

सांगितलं नाही तर पदक जाईल असं वाटलं, म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मी ते सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवतो. स्पंज, खांद्यांमधली जागा, सुया, ब्लड प्रेशर, सगळं. चिमटे बोटांना तसेच होते. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ये हमारे नियम में नहीं आता. आप पास हैं."

बाहेर तो बाकावर बसला होता. "पास?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने मला उचलायचा प्रयत्न केला, पण आता त्याला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेजमागे मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्याने स्पंज भिजवला. पहिला हात, दुसरा हात. खांद्यांच्या मधे स्पंज आला आणि तिथेच थांबला. मग त्याने ती जागा पुन्हा घोटली, आणि पुन्हा.

"इते हमाई छूट गई हती," तो म्हणाला. "तुमाई नईं छूटन देंगे."

मी वळायला गेलो. त्याने खांदा दाबून मला परत भिंतीकडे केलं, रंग ओला होता.

"तुला... तुम्हें पता था?" माझी भाषाही गोंधळली.

"फोटो देखी हती ना. ओई हफ्ते."

"और तुमने सुई..."

"सुई तो हम ऐसेई बढ़ाते. ऊ अपने माथे पे मत लो, भैया. ऊ हमाओ शौक हतो."

"कहा क्यों नहीं कभी?"

त्याने स्पंज पुन्हा रंगात बुडवला.

"कहते तो अम्मा के हाथ को खानो छूट जातो."

माझा तिसरा नंबर आला. पदक गळ्यात पडलं तेव्हा तो पुढच्या रांगेत होता, मला हवा होता तसाच, आणि बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होता. मी पाठ दाखवत असताना त्याने काढलेला फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. पदकाचा फोटो मी फारसा उघडत नाही, हा उघडतो. खांद्यांच्या मधली जागा मोठी करून बघतो. तिथे रंग बाकीच्या पाठीपेक्षा जरा जास्तच गडद आहे. त्याच्या जागी मी असतो तर तो तसा लावला नसता.