पुरे म्हणणारा

फर्निचर पॉलिश करणाऱ्या थोरल्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती, आणि नेमका यावरच घरात कुणाचा विश्वास नव्हता. चाळिशीतच दुसरा मजला चढेपर्यंत त्याच्या छातीचा भाता व्हायचा. बायको रोज संध्याकाळी त्याचा शर्ट हुंगायची.

"येतोय वास. कबूल करा."

"अगं, तो धाकट्याचा धूर. दिवसभर त्याच्या शेजारी बसतो ना!"

"हो, आणि धापही भाऊजींचीच लागते वाटतं तुम्हाला?"

धाकटा दिवसाला दोन पाकिटं फुंकायचा, अख्खं कपाट एकटा उचलायचा आणि वर दात काढायचा, "दादा, तूही सुरू कर. बघ माझा दम!"

दुकानातली रीत ठरलेली होती. धाकट्याने पॉलिशपेपरने घासायचं, थोरल्याने डोळे मिटून लाकडावर तळहात फिरवायचा आणि म्हणायचं, "पुरे." कारण धाकट्याचा हात सुटला की थांबणं त्याच्या गावीही नसे. थोरला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे रिपोर्ट घ्यायला गेला, त्या दिवशी पठ्ठ्याने एका दाराचा सागाचा पातळ थर संपून खालचं प्लायवूड दात दाखवीपर्यंत घासलं.

तिकडे बाई सांगत होत्या, "जंतू मारायला शरीर फुप्फुसात एक रसायन सोडतं. ते खरवडतं. त्याला आवरणारं प्रथिन यकृतात तयार होतं. तुमचं यकृतातच अडकून बसतं. मग ते रसायन फुप्फुसच खरवडत सुटतं."

"म्हणजे घासणारा हजर, पुरे म्हणणारा रजेवर."

बाई हसल्या. "अगदी! हा दोष आई आणि वडील, दोघांकडूनही आला म्हणून तुम्हाला भोवला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. धूळ नको, धूर नको. सख्ख्या भावंडांतही चारांत एकाला असू शकतं. भाऊ आहे?"

थोरल्याच्या डोळ्यांसमोर धाकटा आला. आहे की. दोन पाकिटंवाला.

"रक्त तपासायचं? मला काय धाड भरलीय?" धाकटा म्हणाला.

सांगून ऐकेल तो धाकटा कसला! थोरल्याने सुस्कारा सोडला. "राहू दे. लस टोचायला नर्स आली की पलंगाखाली शिरायचास. तुला नाही जमायचं."

"मी? चल, आत्ताच्या आत्ता!"

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. तोच दोष. दम अजून शाबूत होता, पण बाईंच्या भाषेत "अजून" हा शब्दच मोठा होता. धाकट्याने कागद दोनदा वाचला आणि सवयीने सिगारेट ओठांत धरली.

थोरल्याने तळहात पुढे केला. "पुरे."

"शेवटची, दादा."

थोरल्याने फक्त कोपऱ्यातल्या त्या प्लायवूड उघडं पडलेल्या दाराकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं. मग ओठांतली सिगारेट आणि खिशातलं पाकीट, दोन्ही त्या तळहातावर ठेवली.

दुकानात आता दोघेही तोंडाला मास्क लावतात. आणि संध्याकाळी शर्ट हुंगला जातो तो दिराचा.


"वहिनी, देवाशपथ नाही ओढली!"

"तुमचे दादाही हेच म्हणायचे," ती म्हणते. "इकडे या."