पूजेचा रंग आणि मोटारीचा पाय

मंडळी, दुपारी एका फाउंड्रीतून तणतणत बाहेर पडलो, डोकं अजून तापलेलंच आहे.

मोटार आणि ब्लोअरचे शाफ्ट एका रेषेत आणायला मला बोलावलं होतं. मोटारीच्या एका पायाचा बोल्ट सैल केला तर तो पाय खालच्या लोखंडी बेसवरून उचलला गेला. खाली ऑइलपेंटचा जाड, उंचसखल थर. मोटार रिवाइंडिंगला गेलेली असताना खंडेनवमी आली, म्हणून त्यांनी पूजेसाठी रिकामा बेस रंगवला आणि त्यावरच मोटार ठेवली.

मी म्हटलं, "मोटार उचलूया. रंग खरवडून मग शाफ्ट जुळवतो."

मालक म्हणाले, "पावणं, परवाच पूजा झाल्या. पुजलेलं मशीन खरवडत न्हाईत. तुमी शाफ्टचं बघा की."

"पाय टेकलेला नसताना जुळवलं तर बोल्ट आवळताच परत सरकणार. बेअरिंग जाईल."

"मग तुमाला कशाला बोलावलंय?"

मी शाफ्ट जुळवायचा डायल गेज पेटीत घातला आणि निघालो. तसंच जुळवलं आणि बेअरिंग गेलं, की नाव माझंच खराब होणार.

पूजा मीही करतो. परवा माझ्या पान्यांना कुंकू लावलं, पण त्याआधी त्यांचा गंज घासून काढला. तुमच्याकडं आधी घासतात की आधी रंगवतात?