वाटीखालचा चिंचोका

जनामावशी गेल्याचं मला शेवंतीकडून कळलं. शेवंती सारसोळ्याहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासळीची पाटी घेऊन येते. ती मावशीची भाचेसून. त्या दिवशी बोंबील साफ करता करता मान वर न करताच ती म्हणाली, "आमची मावशी गेली गो ताई. पंधरा दिस झालं." मी विचारलं, "कधी?" तिने ते सांगितलंच होतं, तरी विचारलं. "झोपेतच गेली. कोनाला तरास नाय दिला," ती म्हणाली, बोंबील माझ्या ताटात टाकले आणि वरच्या मजल्यावर गेली. सारसोळं आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. शिरवण्याची भाड्याची खोली सोडून नेरूळच्या या घरात आल्याला वर्ष झालं, आणि त्या वर्षात मी मावशीकडे एकदाही गेले नाही. जाईन, जाईन म्हणत होते...

मावशी मला पहिल्यांदा भेटली ती मुंबईच्या इस्पितळात. माझी एकुलती एक मुलगी मनी. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. चार पावलं चालली की उकिडवी बसायची आणि ओठ जांभळे व्हायचे. सहाव्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. मावशी त्या मुलांच्या वॉर्डात आया होती. खिडकीपाशी एक बुटकं टेबल होतं. आठवड्यातून दोनदा एक डॉक्टरीणबाई येऊन तिथे मुलांशी ठोकळे, मणी, लपवालपवी असं खेळायच्या, आणि त्या नसतील त्या दिवशी हे काम मावशीकडे असायचं. मला वाटलं, पोरं रडू नयेत म्हणून असेल. विचारायचा धीर नव्हता. पण माझं तोंड बघून मावशीच बोलली. "ही नुसती करमनूक नाय गो. काळजाचं भोक बुजवलं, पन पोरगी सहा वर्स निजून हाय. मागितलं का हातात, नाय मागितलं तरी हातात. तिला कवा काय शोधायला लागलंय? डोकं चालवायचं कामच नाय पडलं तिला. खेळात ते चालतं." मी शिरवण्याला राहते हे कळल्यावर ती हसली. "म्हंजे आमच्या खाडीवरचीच की तू!"

घरी आल्यावर मनीचे ओठ गुलाबी झाले. आम्हाला वाटलं, सगळं झालं. मग ती पहिलीत गेली. तीन महिन्यांनी गुरुजींनी मला बोलावलं. "मुलगी गुणी आहे हो, पण आत्ता सांगितलेलं आत्ता विसरते. पाटी घे म्हटलं तर पेन्सिल घेते आणि माझ्याकडे बघत बसते. दिवाळीनंतर मी तिची तोंडी परीक्षा घेईन. नाहीच जमलं तर अशा मुलांची वेगळी शाळा असते, घाटावर. राहायची सोय तिथेच आहे." मी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. गुरुजींपुढे मी नुसती मान हलवली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे कंपनीतून पाळी करून आले होते. म्हणाले, "तिथे ठेवायची? एकटी?" आणि न जेवता झोपले.

मावशी तोवर नोकरी संपवून गावी आली होती. मी मनीला घेऊन सारसोळ्याला गेले आणि तिच्या दारात हाक न मारता उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. शेवटी आतून आवाज आला, "काय गो, माज्या दारात खांब रोवलाय काय कोनी? आत ये!" मी कसंबसं सांगितलं. तिने मशेरीची डबी बंद केली, फळीवरून जर्मनच्या तीन वाट्या काढल्या आणि म्हणाली, "दुपारी येत जाईन. चिंचोके तुजे."

तो खेळ साधाच होता. एका वाटीखाली चिंचोका ठेवायचा, तिन्ही वाट्या जमिनीवर सरकवायच्या, आणि मनीने चिंचोका शोधायचा. आधी दोनदा सरकवायच्या, मग चारदा. मग मध्येच थांबून मनीला दारापर्यंत जाऊन यायला सांगायचं आणि मग शोधायला लावायचं. मावशी खेळताना फार चिडवायची. "नाय गावत? माज्या मांजरीला गावला असता!" एका वाटीला पोचा होता. मनी ती पोच्याची वाटी तेवढी ध्यानात ठेवते हे मावशीच्या लक्षात आलं, तेव्हा तिने माझा वरवंटा घेतला आणि उरलेल्या दोन वाट्यांनाही तसाच पोचा पाडला.

पंधरा दिवसांत मनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखू लागली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाईंना बोलावून दाखवलं. रविवारी हे खेळायला बसले तेव्हा मी नळावर होते. परत आले तर हे म्हणाले, "कुठे येतंय तिला? एकदाही नाही आलं." दुसऱ्या दिवशी मी ते मावशीला सांगितलं. तिने वाट्या सरकवल्या, मनीला शोधायला सांगितलं आणि स्वतः माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "विमल, पोरगी वाट्या बघतच नाय. तुजं तोंड बघते. तिचा हात चुकीच्या वाटीवर गेला का तुज्या कपाळाला आठी पडते. तूच खेळतेस."

मला ते माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. ती हरली तर रडेल, रडली तर ओठ जांभळे होतील, या भीतीने सहा वर्षं माझं तोंड तिच्या आधी बोलत होतं. शाळेत ती गुरुजींकडे बघत का बसायची, तेही तेव्हा कळलं.

मावशीने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "वळलीस तर उद्यापासून मी येनार नाय." मी बसले. समोर ह्यांचा कंपनीचा शर्ट खुंटीला होता. मागे वाट्या सरकल्या, एक उचलल्याचा आवाज झाला, मग मनीचं रडणं. "आई, बघ ना!" मावशी शांतपणे म्हणाली, "आई तिथंच हाय. चिंचोका हिथं हाय." पुन्हा वाट्या, पुन्हा रडणं. मी पदर तोंडात धरला होता. असे पाच-सहा दिवस गेले. एका दुपारी मागून रडणं आलं नाही. मनी पुटपुटत होती, "मधली... आता इकडे आली... ही नाही, ही तिकडे गेली..." वाटी उचलल्याचा आवाज झाला आणि मावशी म्हणाली, "हां." एवढंच. ती कौतुक करणारी बाई नव्हती. जाताना मला म्हणाली, "चा टाक आता. आनि रडू नको, तुजेपन ओठ जांभळे होतील."

दिवाळीनंतर गुरुजींनी परीक्षा घेतली तेव्हा मी वर्गाबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. येणारे-जाणारे बघत होते. अर्ध्या तासाने गुरुजी बाहेर आले. "हळू आहे. पण विचारलं की आता स्वतःशी बोलते आणि मग उत्तर देते. राहू दे इथेच."

मनी हुशार निघाली असं मी म्हणणार नाही. पाचवीत एकदा नापास झाली. गणित अजून कच्चं आहे. यंदा आठवीत आहे. माझ्यापेक्षा चार इयत्ता पुढे. मनी शाळेत टिकली याचं मावशीला विशेष वाटलं नव्हतं. इस्पितळात अशी पुष्कळ मुलं तिच्या हाताखालून गेली, त्यांतली काही घरीच गेली नाहीत, हे ती एकदाच बोलली होती. आम्ही घर बदललं तेव्हा ती वाट्या परत नेईना. "माज्या घरी कोन खेळनार हाय?" मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की मी येईन खेळायला. म्हटलं नाही.

शेवंती येऊन गेली त्या संध्याकाळी मी मनीला सांगितलं. तिने फडताळातून तिन्ही वाट्या काढल्या, चिंचोका ठेवला, भराभर सरकवल्या आणि म्हणाली, "आई, शोध." मी सवयीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या ते लक्षात आलं. ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी बराच वेळ तीन सारख्या पोच्यांकडे बघत राहिले. मग मधली वाटी उचलली. खाली काही नव्हतं. आवाज मनीने ऐकला असणार. ती वळली नाही.