घारोबांच्या गच्चीवरची सावली

स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी घारोबांना दरदरून घाम फुटायचा. शेजारी हाक जायची. आणि पोट कशावर, तर इमारती आकाशातून दिसतील तशा रंगवण्यावर! अजून पायासुद्धा न खणलेल्या इमारती, तळमजल्याच्या खोलीत बसून, घारीच्या डोळ्यांनी. गल्लीने ठेवलेलं नाव उगीच नव्हतं.

आर्किटेक्टचा नकाशा पुढ्यात घ्यायचा, नजर नेऊन ढगात टांगायची आणि छपरं, झाडं, रस्ते एकेक करून कागदावर उतरवायचे. माणसं मात्र तांदळाच्या दाण्याएवढी. एक ठिपका, त्याची लांबलचक सावली. "वरून माणूस ओळखायचा तो सावलीवरून," असं ते ऐटीत सांगत.

बायको टोचायची, "अहो, एवढं जग रंगवलंत, त्यात मी कुठंय?"

"वरून सगळे सारखेच दिसतात गं."

मग ती लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली. चार महिन्यांसाठी म्हणून गेली. नात आता पहिलीत आहे. घारोबा रोज फोन करत. गळका नळ, संपलेला गॅस, मांजराचे पराक्रम, सगळं सांगत. 'ये' एवढं मात्र जिभेवर येऊन माघारी फिरे. चित्रांत मात्र ती गेल्यापासून एका तरी गच्चीवर पिवळी चादर वाळत असे आणि शेजारी कमरेवर हात ठेवून एक बाई उभी असे.

परवा आर्किटेक्टने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "काका, पंचवीस मजली इमारत आणि गच्चीवर धुणं? ही बाई कोण?"

"आहे एक ओळखीची."

"पुसून टाका. दुपारी चित्र न्यायला येतो."

घारोबांनी ओला ब्रश फिरवला, टिपकागद दाबला. चादर गेली, बाई गेली. चित्र लांब धरून पाहतात, तर सावली तिथेच! कमरेवर हात ठेवून, एकटीच. उभ्या आयुष्यात अशी चूक झाली नव्हती. ब्रश पुन्हा ओला केला, पण हात काही पुढे होईना.

त्यांनी फोन लावला. नळ नाही, मांजर नाही. "कधी येतेस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"सहा वर्षं लागली विचारायला?" ती म्हणाली. "मला वाटलं, मांजराशीच संसार थाटलात." मग हळूच, "हिची परीक्षा होऊ दे. बघते."

दुपारी चित्र गेलं, सावलीसकट. त्याआधी घारोबांनी त्या गच्चीवर आणखी एक सावली टेकवली होती. कठड्यापासून चांगली लांब, जिन्याच्या दाराला घट्ट धरून.