‘ड्राफ्ट्स’पुढची फुली

आमच्या कंपनीची जुनी सामायिक मेलपेटी नव्या जागी हलवायचं ठरलं, तेव्हा काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं याची यादी मी केली होती. त्या यादीत ‘ड्राफ्ट्स’ या फोल्डरपुढे फुली मारली ती मीच. त्या फोल्डरमध्ये माझ्या बायकोचं लिहिणं होतं, हे मला माहीत नव्हतं. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातला पंपांचा कारखाना. मी तळमजल्यावर संगणक विभागात, ती वरच्या मजल्यावर ग्राहकांच्या तक्रारींच्या टेबलावर. तक्रार नागपूरहून येवो की कोइमतूरहून, ती एकाच पत्त्यावर येई आणि टेबलावरचे सगळे तीच एक पेटी उघडत. तिच्यातलं काही कोणी पुसत नसे. एखादा ग्राहक फार जुनं पत्र काढून दाखवेल, अशी सगळ्यांना धास्ती. पेटी इतकी फुगली होती की काही शोधायला लावलं की माणसं चहा पिऊन येत, आणि आल्यावरही पडद्यावरचं चाक फिरतच असे. कधी कधी नवी पत्रं आत घेणंच ती थांबवायची.

मी रजेवरून परतलो आणि काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. ते मंड्याकडचे. माझ्याशी हिंदीत बोलतात, अवघड काही बोलायचं असलं की मध्येच कानडीत शिरतात.

“हे काम तुम्हीच घ्या,” ते म्हणाले. “स्वल्प स्वल्प करा. घाई नाही. मन रमेल.”

“सरी, सर,” मी कानडीतच होकार दिला.

मन रमण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तेच मला सोयीचं होतं. फोल्डरची नावं लिहायची, पुढे खूण करायची. ग्राहकांची फोल्डरं न्यायची, आलेली पत्रं न्यायची, पाठवलेली न्यायची. कचरा, नको असलेल्या जाहिराती आणि ड्राफ्ट्स, म्हणजे अर्धवट लिहून न पाठवलेली पत्रं, ही न्यायची नाहीत. असंच करतात सगळीकडे. मी यादीखाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्या दिवसांत मी सगळंच असं करत होतो. सकाळी घराजवळ, एचएसआर लेआउटला, कंपनीच्या बसमध्ये चढायचो, तिसऱ्या रांगेत बसायचो. खिडकीची जागा तिची होती. मी बाहेरच्याच जागेवर बसत राहिलो आणि खिडकीशी जायला मला कोणी उठवलं नाही. बस भरली तरी दोघं-तिघं उभे राहून येत. मला ते दिसत होतं. सरकून बसावं असंही वाटत होतं. सरकलो नाही. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं असे. त्याची मुदत केव्हाच संपली होती, मी मात्र बाविसाव्या पानावरच होतो.

पत्रं हलायला आठवडाभर लागला. ते काम प्रोग्राम करतो, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं. एका दुपारी मी पाठवलेल्या पत्रांमध्ये तिचं नाव टाकून शोधलं. पत्रांखाली तिची सही असायची, त्यामुळे खूप सापडली. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. मी बरीच वाचली. ती कोणीही लिहिली असती. मला काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. पडद्यावरची खिडकी बंद करून मी डबा खाल्ला.

शेवटचा दिवस गुरुवार. जुनं यंत्र स्टोअरशेजारच्या खोलीत होतं. शुक्रवारी सकाळी दहाला बाहेरची माणसं येऊन त्याच्या डिस्का कोऱ्या करून घेऊन जाणार होती. दोन्हीकडच्या पत्रांची मोजणी जुळली होती. पाचला मी टेबल आवरायला घेतलं. बस पाच-वीसची.

तेवढ्यात वरच्या तक्रारींच्या टेबलावर सुट्या भागांचं बघणारी बाई खाली आली. तिचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळूरमध्ये, मराठी घरात बोलायची तेवढीच. ती बारा ते आठ कामावर असते. माझ्या बायकोला अक्का म्हणायची, मला अण्णा.

“अण्णा, निघालात काय ओ?”

“निघतोय. का?”

“नव्या पेटीत ड्राफ्ट्स रिकामं दिसायलंय बघा.”

“रिकामंच असणार. ते आणलेलं नाही.”

ती टेबलाला धरून उभी राहिली. “अय्यो. त्यात अक्कांचं सगळं आहे की.”

मला कळेना. मग तिने सांगितलं. बायको पाचला निघायची, ही आठपर्यंत असायची. जाताना संध्याकाळसाठी निरोप ठेवायचा, तर तो मेलने पाठवला की सगळ्यांना दिसणार, साहेबांनाही. चिठ्ठी लिहिली तर हरवणार. म्हणून अक्कांनी युक्ती काढली. त्याच पेटीत पत्र लिहायचं, पत्ता टाकायचा नाही, पाठवायचं नाही, तसंच सोडून द्यायचं; ड्राफ्ट्समध्ये दुसरं कोणी डोकावत नसे. ही उघडून वाचायची, रात्री जाताना आपलं लिहून ठेवायची, सकाळी अक्का वाचायच्या. अनेक वर्षं दोघींचं हे चाललं होतं. माझ्या डोक्यावरच्याच मजल्यावर.

“उद्या सकाळी ते पुसलं जाणार,” मी म्हणालो.

“म्हणून तर आले. आत्ता आणता येईल काय?”

यादी बंद झाली होती. प्रोग्राम आता ती उघडून देणार नव्हता. हाताने थोडं थोडं उचलून आणायला लागलं असतं, आणि त्यात दोन तास मोडले असते. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

“हो,” मी म्हणालो.

ती शेजारी खुर्ची ओढून बसली. मी जुन्या पेटीतून मूठ मूठ उचलत गेलो आणि नव्या पेटीत टाकत गेलो. प्रत्येकाची पहिली ओळ दिसत होती. रोमन अक्षरांत मराठी, मध्ये कानडी. इथे मी ती देवनागरीत लिहितोय. वर वार असे, मग मजकूर.

सोमवार. नागपूरवाल्याला आधी पूर्ण बोलू दे. शेवटी स्वतःच सांगतो चूक कुणाची ते.

बुधवार. परत आलेल्या पंपाचं सील आपल्याकडूनच फाटलेलं. वाद घालू नको, नवीन पाठव.

शुक्रवार. आंबोळ्या ठेवल्यात खालच्या कप्प्यात. झाकण नीट लाव, मांजर येतं.

त्या आंबोळ्या घरून माझ्याच डब्याबरोबर आल्या असणार. मी पुढची मूठ उचलली.

“थांबा,” ती म्हणाली. “तुम्हाला दुपारीच सांगायला पाहिजे होतं मी. बाराला आले तेव्हाच बघितलं की रिकामं आहे.”

“मग पाच तास काय केलंस?”

ती थोडी लाजली. “वाट बघितली. अक्कांनीच शिकवलंय. मला पाठ आहे ते, दाखवते.” तिने माऊस माझ्या हातातून घेतला आणि खाली खाली जाऊन एक पत्र उघडलं.

मंगळवार. प्रिंटरचं काम माझ्या नवऱ्याला उद्या आल्या आल्या सांगू नको. दुपारी विचारलंस तर नियम काढून दाखवेल, लेखी मागेल. पाच वाजल्यावर विचार. बसच्या घाईत तो कशालाही हो म्हणतो.

“आणि म्हटलात की तुम्ही हो,” ती म्हणाली, आणि हसली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

मी ते पत्र पुन्हा वाचलं. खरं होतं. दुपारी ती आली असती तर मी म्हणालो असतो, यादीवर सही झाली आहे, साहेबांना लेखी विचारा. त्या दिवशी साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला मीटिंगला होते. शुक्रवारी दहाच्या आधी काहीही झालं नसतं. हे सगळं मला अगदी स्पष्ट दिसत होतं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मी माऊस परत घेतला आणि पुढची मूठ उचलली.

सातनंतर काम संपलं. हाताने आणल्यामुळे नव्या पेटीत प्रत्येक पत्रापुढे त्या गुरुवारचीच तारीख पडली होती. वरपासून खालपर्यंत एकच.

“दुरुस्त करू?” मी विचारलं.

“कशाला? वार लिहिलाय की अक्कांनी.” मग खुर्ची जागेवर ठेवत, “मी ह्याच्यातच पुढं लिहू ना, अण्णा? सकाळच्याला नवीन मुलगी आलीय. तिला कळायला नको काय, नागपूरवाला कसा आहे ते?”

“लिही,” मी म्हणालो. ती वर गेली.

मी दिवा बंद करून फाटकापर्यंत गेलो आणि रिक्षा केली. शुक्रवारी दहाला माणसं आली. साहेबांनी यादी पुढे केली तेव्हा मी ‘ड्राफ्ट्स’पुढची फुली खोडून शेजारी बरोबरची खूण केली आणि तिच्याजवळ छोटी सही केली. त्यांनी पाहिलं. यादी फाइलला लावली. तासाभरात यंत्र उचलून नेलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला.

बाकीची पत्रं मी अजून वाचलेली नाहीत. वरच्या मजल्यावर ती रोज उघडली जातात.